संमती कोणाकोणाची? कर्ल आणि तिच्या सोबतिणींची हकीकत

वेबचे पान कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न १९९५-९६ च्या सुमारास पुरता मोकळा होता. मजकूर आणि चित्रे मांडायला एचटीएमएल होती. अर्जात भरलेली चूक तिथल्या तिथे दाखवण्यासारख्या किरकोळ कामांसाठी जावास्क्रिप्ट नुकतीच आली होती. खरोखरीचा प्रोग्राम पानात बसवायचा तर सन कंपनीच्या जावात अ‍ॅप्लेट लिहावे लागे. तिघींचे व्याकरण वेगळे आणि तिघींमधल्या भिंती उंच. एका भाषेत जमते त्याच्या पुढे एक पाऊल टाकायचे, तर हाताशी आलेले सगळे बाजूला सारून दुसरीचा श्रीगणेशा करावा लागे. अमेरिकेतील एमआयटीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत स्टीव्ह वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या या भिंतींवर बोट ठेवले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेच्या पैशावर त्यांनी कर्ल ही भाषा घडवली आणि १९९७ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. तिला त्यांनी हलक्या चढणीची भाषा म्हटले. साधा परिच्छेद लिहिणाऱ्याने सुरुवात करावी, हळूहळू त्यात आकडेमोड आणावी, मग हलती चित्रे, मग अख्खा प्रोग्राम, आणि या वाटेत कुठेही भाषा बदलावी लागू नये, अशी ती कल्पना होती.

भाषा म्हणून कर्ल आजही वाचून पाहावी अशी आहे. तिच्यात सगळे काही महिरपी कंसात येते. शब्द ठळक करायचा तर कंस उघडून ठळकपणाची आज्ञा आणि तो शब्द लिहायचा. नवी क्रिया रचायची तर तशाच कंसात तिचे नाव आणि तिची कृती लिहायची. मजकुराची मांडणी आणि प्रोग्रामचे तर्कशास्त्र यांची लिपी एकच असल्याने आपण रचलेली क्रिया परिच्छेदाच्या मध्यातही वापरता येते. चलांचे प्रकार आधी सांगितले तर प्रोग्राम वेगाने चाले, न सांगितले तरी अडत नसे. वाचकाच्या संगणकावर पोचल्यावर हा मजकूर तिथेच यंत्रभाषेत रूपांतरित होई, त्यामुळे आलेख फिरवणे, हजारो ओळींचा तक्ता लावणे-उलगडणे अशी कामे दर वेळी सर्व्हरला न विचारता होत. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटच्या काळात ही मोठी गोष्ट होती. आणखी एक शहाणपण तिच्यात होते. आपण कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे, हे प्रत्येक कर्ल प्रोग्राम पहिल्याच ओळीत सांगतो आणि जुन्या-नव्या आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदू शकतात. ब्राउझरांच्या जगाला आवृत्त्यांच्या भांडणातून बाहेर पडायला पुढे किती वर्षे लागली, हे पाहता या एका ओळीचे मोल कळते.

प्रयोगशाळेतली भाषा बाजारात आणण्यासाठी १९९८ मध्ये कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत प्रयोगशाळेचे प्रमुख मायकेल डर्टूझोस होते आणि खुद्द टिम बर्नर्स-ली होते. ज्याने वेब निर्माण केले त्यानेच वेबच्या नव्या भाषेला आपले नाव द्यावे, यापेक्षा मोठी शिफारस ती काय असणार. २००१ मध्ये सर्ज नावाचे प्लग-इन आले. ब्राउझरमध्ये ते बसवले की कर्लची पाने चालत. पण मुहूर्त वाईट निघाला. डॉट-कॉम कंपन्यांचा फुगा नुकताच फुटला होता. त्यातच कंपनीने व्यावसायिक संकेतस्थळांकडून कर्लचा मजकूर जितका पोचेल त्या मानाने शुल्क घ्यायचे ठरवले. जिथे एचटीएमएलचे पान कितीही वेळा पाठवले तरी भाषेच्या मालकाला छदाम द्यावा लागत नाही, तिथे हा वापरावरचा आकार प्रोग्रामर मंडळींना अजिबात रुचला नाही. कर्लचा विषय निघाला की बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात: भाषा गुणी होती, लोभाने बुडाली. ही गोष्ट सोयीची आहे, पण अपुरी आहे. किंमत हेच मूळ असते, तर फुकट मिळालेल्या भाषा तरी तगायला हव्या होत्या. त्याही तगल्या नाहीत.

संगणकभाषेचा प्रसार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रोग्रामर येतो. त्याला भाषा आवडली, शिकायला सोपी गेली, तिच्यात काम झपाट्याने झाले, म्हणजे जिंकली असे आपण धरून चालतो. सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेबाबत ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण तिथले यंत्र प्रोग्रामरच्या किंवा त्याच्या मालकाच्या ताब्यात असते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेचे तसे नाही. तिला आधी वाचकाची संमती लागते, कारण प्लग-इन त्याने उतरवून घ्यायचे असते. वाचक कचेरीत बसलेला असेल तर त्याच्या संगणक विभागाची संमती लागते. ब्राउझर बनवणाऱ्याने प्लग-इनला दार उघडे ठेवायला हवे. पुढे फोन आले तेव्हा फोन बनवणाराही या रांगेत येऊन उभा राहिला. यांपैकी कोणालाही भाषेच्या गुणांशी देणेघेणे नाही आणि नकार द्यायला यांतला एकही पुरेसा आहे. ५६ किलोबिटच्या मोडेमवर एक मेगाबाइट उतरवायला उत्तम स्थितीतही अडीच मिनिटे लागत, आणि कर्लचे प्लग-इन काही मेगाबाइटचे होते. कुठलेसे एक पान पाहण्यासाठी इतका वेळ थांबायला वाचक का तयार व्हावा? पाने पुरेशी नाहीत म्हणून वाचक प्लग-इन घेत नाहीत, आणि वाचकांकडे प्लग-इन नाही म्हणून कोणी पाने लिहीत नाही. कर्लचे घोडे इथे अडले. शुल्काने फक्त त्याला आणखी दमवले.

किमतीचा मुद्दा तपासायला पुढच्या दहा वर्षांचा इतिहास पुरेसा आहे. मॅक्रोमीडिया कंपनीने २००२ मध्ये 'रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशन' हा शब्दप्रयोग रूढ केला; वेबच्या पानाने टेबलावरच्या सॉफ्टवेअरसारखे वागावे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. २००४ मध्ये त्यांनी फ्लॅश प्लग-इनवर चालणारे प्रोग्राम लिहिण्यासाठी फ्लेक्स आणले. त्याचा सर्व्हर हजारो डॉलरांना विकला जाई. अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतल्यावर २००६ मध्ये फ्लेक्सची साधने फुकट झाली, दोन वर्षांनी त्यांचा मूळ कोड खुला झाला आणि २०११ अखेर ते सगळे अपाची प्रतिष्ठानच्या ओटीत टाकून अ‍ॅडोबी मोकळी झाली. सन कंपनीने मे २००७ मध्ये जावाएफएक्स स्क्रिप्ट जाहीर केली आणि डिसेंबर २००८ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. तीही फुकट. ओरॅकलने सन घेतल्यावर २०१० च्या सप्टेंबरात ही भाषा बंद केल्याचे जाहीर झाले. जेमतेम पावणेदोन वर्षांचे आयुष्य. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे सामने अमेरिकेतल्या प्रेक्षकांना संगणकावर दाखवले, नेटफ्लिक्सचे चित्रपट दाखवले, आणि तरीही काही वर्षांतच तिच्या मालकाने तिच्यातून अंग काढून घेतले. यांच्यामागे पैसा होता, नामांकित अभियंते होते, किंमत शून्य होती. कर्लवर ठेवलेला लोभाचा ठपका यांच्यावर ठेवता येत नाही आणि शेवट मात्र तोच झाला.

यावर खरा बिनतोड वाटणारा आक्षेप फ्लॅशचा आहे. फ्लॅशचे प्लग-इन जगातल्या बहुतेक सगळ्या संगणकांवर होते. विंडोज एक्सपीबरोबर ते आयतेच येई, आणि २००५ नंतर यूट्यूबने उरलेसुरले संगणकही व्यापले. म्हणजे संमती मिळालेली होती, दार उघडे होते, फ्लेक्सची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट घरोघरी आयती पोचलेली होती. तरी ती गेली. मग संमतीचा सिद्धांत कुठे राहिला? पण ती संमती कशाला मिळाली होती हे पाहायला हवे. लोकांनी फ्लॅश घेतले ते हलत्या चित्रांसाठी, खेळांसाठी आणि शेवटी व्हिडिओसाठी. भाषा त्या सामानात बसून आली. आणि यंत्र बदलले की संमती नव्याने मागावी लागते. २००७ मध्ये आयफोन आला आणि त्याच्या ब्राउझरमध्ये प्लग-इनला जागाच नव्हती. एप्रिल २०१० मध्ये आयफोनच्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी खुले पत्र लिहून फ्लॅशला कायमचा नकार कळवला. फ्लॅशचा खून जॉब्स यांनी केला, असे तेव्हापासून म्हटले जाते. त्यात तथ्य थोडे आणि नाट्य जास्त आहे. बॅटरी आणि स्पर्शपडदा यांबाबतचे त्यांचे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. ज्या अँड्रॉइड फोनांनी फ्लॅशला घरात घेतले तिथेही ते धडपणे चालले नाही आणि नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीनेच फोनांसाठीचे फ्लॅश थांबवले. जॉब्स यांना स्वतःच्या अ‍ॅप-बाजाराचे हित दिसत होते, हेही उघड आहे. पण हेतू कोणताही असो, एका यंत्राच्या मालकाने मान हलवली नाही आणि तेवढ्याने लाखो ओळींचा कोड निवृत्तीच्या वाटेला लागला. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लग-इनांचे दार बंद केले; ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार अधिकृतपणे संपला.

संमतीचे गणित उलट बाजूने पडताळायचे असेल तर कर्लचीच पुढची हकीकत उपयोगी पडते. अमेरिकेत हात टेकलेली ही कंपनी २००४ मध्ये सुमितोमो समूहातल्या जपानी संगणक-सेवा कंपनीने घेतली. तीच कंपनी २०११ मध्ये विलीनीकरणानंतर एससीएसके झाली. जपानमध्ये आणि काही प्रमाणात कोरियात कर्ल मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत कामांत रुजली: साठ्याच्या नोंदी, मागण्या, हिशेबाचे पडदे. ज्या भाषेला बोस्टनच्या परिसरात, म्हणजे जन्मगावी, कोणी विचारले नाही, ती सातासमुद्रापलीकडे वर्षानुवर्षे पोट भरत राहिली. भाषा तीच आणि महिरपी कंसही तेच होते. बदलली होती संमती देणाऱ्यांची संख्या. कंपनीच्या आतल्या जाळ्यावर पाच हजार संगणक असले तरी त्यांच्यावर काय बसवायचे हे एक विभाग ठरवतो. त्याने होय म्हटले की एका रात्रीत पाच हजार प्लग-इन. शिवाय अशा कंपन्यांना जुन्या क्लायंट-सर्व्हर प्रोग्रामांतले दाट, आकड्यांनी भरलेले, कळफलकावरून झरझर भरता येणारे पडदे वेबवर हवे होते, आणि तेव्हाची एचटीएमएल ते देऊ शकत नव्हती. वापरावरचे शुल्क किंवा परवान्याची किंमत इथे कोणाला खटकत नाही, कारण सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजणे हा तिथला रिवाजच असतो. दक्षिण कोरियात तर सरकारी सुरक्षानियमांमुळे बँकांचे व्यवहार वर्षानुवर्षे मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्सवर चालले. तिथे संमती थेट शासनाने दिली होती आणि लोकांना ते तंत्र आवडो न आवडो, ते सर्वत्र पोचले.

दुसरा आक्षेप जावास्क्रिप्टचे भक्त घेतात. त्यांच्या मते हा सगळा संमतीचा खल व्यर्थ आहे. खुले मानक जिंकले, मालकीच्या भाषा हरल्या, न्याय झाला. पण २००४ मधली जावास्क्रिप्ट कोणत्याही निकषावर जिंकण्याजोगी नव्हती. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला नमुना रचला होता. ती मंद होती, आणि एका ब्राउझरमध्ये चालणारे दुसऱ्यात मोडत असे. तिच्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती कर्लकडे कधीच आली नाही: ती आधीच सगळीकडे हजर होती. तिच्यासाठी कोणाचे दार ठोठावावे लागत नव्हते. पानाला पुन्हा न बोलावता सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये, आउटलुकच्या वेब-आवृत्तीच्या निमित्ताने, ब्राउझरमध्ये घातली होती. जीमेल आणि गूगल मॅप्स यांनी २००४-०५ मध्ये त्या सोयीचे सोने केले आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. वेग आला तो २००८ मध्ये, क्रोमच्या व्ही८ इंजिनाबरोबर. म्हणजे आधी हजेरी, नंतर गुण. खुलेपणाने मदत केली हे मान्य. पण फ्लॅशमध्ये चालणारे प्रोग्राम लिहिण्याची ओपनलाझ्लो ही भाषासुद्धा २००४ पासून खुली होती, पँडोराच्या सुरुवातीच्या संगीत-सेवेने ती वापरली होती, आणि तरी ती विस्मरणात गेली. खुलेपणा एकटा पुरला असता तर असे झाले नसते. शिवाय विजेत्याने पराभूतांकडून काय काय घेतले याचा हिशेब या न्यायाच्या गोष्टीत मांडलाच जात नाही. अ‍ॅक्शनस्क्रिप्टची तिसरी आवृत्ती जावास्क्रिप्टच्या होऊ घातलेल्या चौथ्या मानकाच्या मसुद्यावर उभी होती. त्या मानकात वर्ग आणि प्रकार होते. २००८ च्या ऑगस्टमध्ये मानक ठरवणाऱ्या समितीतल्या मतभेदांनी ते मानक बारगळले, अ‍ॅडोबी एकटी पडली, आणि वर्ग ही सोय जावास्क्रिप्टमध्ये यायला २०१५ उजाडले.

प्लग-इनच्या भाषांची कड घेताना त्यांचा एक दोष मात्र लपवता येत नाही. त्यांच्या पानाचा चौकोन बाकीच्या वेबला बंद असे. शोधयंत्राला त्यातला मजकूर नीट वाचता येत नसे, 'मागे जा'चे बटण फसवे ठरे, आणि अंधांसाठीची वाचनसाधने तिथे अडखळत. मराठी वाचकाला तर याची झळ वेगळ्याच जागी लागली. ब्राउझर तेव्हा मजकूर रेखाटण्याचे काम विंडोजसारख्या प्रणालीवर सोपवत असे, आणि २००० नंतरच्या विंडोजला देवनागरीची जोडाक्षरे कळत होती. फ्लॅश आपला मजकूर स्वतःच्या पद्धतीने रेखाटू पाहत असे. २००८ च्या दहाव्या आवृत्तीत नवे मजकूर-इंजिन येईपर्यंत देवनागरीसारख्या लिप्यांना त्यात धड आधार नव्हता, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसणे हा त्याचा नेहमीचा परिणाम. इंग्रजीत 'समृद्ध' असलेले पान मराठीत मोडके दिसत होते. यालाही मी संमतीचाच प्रश्न मानतो. जे तंत्र पडद्याचा संपूर्ण ताबा मागते, त्याला त्या पडद्यावरच्या प्रत्येक लिपीची जबाबदारी घ्यावी लागते, आणि कॅलिफोर्नियातल्या वेळापत्रकात मराठीचा क्रमांक कधी लागेल ते सांगता येत नाही. एचटीएमएलचा ढिलेपणा इथे कामी आला. तिने ज्याचे काम त्याला करू दिले.

कल्पनांचे नशीब मात्र भाषांपेक्षा बरे निघाले. क्रिस ऑलिव्हर यांनी एफ३ या नावाने सुरू केलेल्या जावाएफएक्स स्क्रिप्टमध्ये पडदा कसा दिसावा हे क्रमवार आज्ञा न देता वर्णन करून सांगता येई, आणि एक किंमत दुसरीला बांधून ठेवली की पहिली बदलताच दुसरी आपोआप बदले. २०१३ नंतर जावास्क्रिप्टमध्ये पडदे रचणारी रिअ‍ॅक्ट आणि तिच्या जातीची साधने याच विचाराच्या जवळ आली. मांडणी आणि तर्क एकाच लिपीत लिहावेत, हे कर्लचे म्हणणे रिअ‍ॅक्टच्या लिखाणात रोज दिसते. एकाने दुसऱ्याकडून उचलले असा याचा अर्थ नाही. गरज तीच असली की उत्तरेही सारखी येतात. पण या साधनांनी एक गोष्ट निराळी केली. वाचकाच्या यंत्रावर नवे काहीही न मागता त्यांनी सगळे शेवटी जावास्क्रिप्टमध्ये उतरवले. ओपनलाझ्लोने २००७ मध्ये फ्लॅशबरोबरच साध्या ब्राउझरसाठी कोड काढायला सुरुवात केली होती, आणि गूगलच्या जीडब्ल्यूटीने २००६ मध्येच जावात लिहिलेला प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये पालटून दाखवला होता. या दोघांना दार कुठे आहे ते वेळेत दिसले होते.

संमतीचे गणित केवळ छोट्या कंपन्यांना लागू आहे असे वाटत असेल, तर डार्टची गोष्ट पाहावी. गूगलने २०११ मध्ये ही भाषा आणली ती जावास्क्रिप्टला पर्याय म्हणून. तिचे स्वतःचे इंजिन क्रोममध्ये बसवायचा बेत होता. क्रोम तर गूगलचाच. प्लग-इन नको, परवाना नको, वाचकाला विचारायलाही नको. पण इतर ब्राउझरांचे मालक ते इंजिन घ्यायला तयार झाले नाहीत, आणि एकाच ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत पान लिहायला संकेतस्थळे राजी नव्हती. २०१५ च्या मार्चमध्ये गूगलने बेत सोडला आणि डार्टला जावास्क्रिप्टमध्ये उतरवण्यावर भर दिला. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट, २०१२ मध्ये आलेली, मुकाट्याने पसरत होती. तिच्यातले प्रकार प्रोग्रामरच्या यंत्रावरच तपासले जातात आणि पुसून टाकले जातात. ब्राउझरपर्यंत पोचते ती निव्वळ जावास्क्रिप्ट. भाषेच्या दृष्टीने ही तडजोडच आहे, कारण कर्लमध्ये प्रकार सांगितल्याने वेग मिळे, टाइपस्क्रिप्टमध्ये तो मिळत नाही. वेगाची ती वाट उघडली वेबअसेंब्लीने. अनेक भाषांतून येऊन ब्राउझरमध्ये थेट धावू शकणारा हा यंत्रभाषेजवळचा साचा २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांनी एकत्र बसून मान्य केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये तो अधिकृत मानक झाला. कर्लला हवी होती ती संमती अशी मिळाली, पण कोणत्याही एका भाषेला नाही, आणि सर्ज प्लग-इन बाजारात आल्यानंतर सोळा वर्षांनी.